कार्ड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह

१२ जून

आजपासून माझी चाचणी सुरू झाली. 'माझी' हा शब्द फक्त या वहीत लिहिता येतो. लॅबमध्ये तिला 'आपली' म्हणावं लागतं. एकाच नळीत डेंगू, चिकुनगुन्या आणि झिका, तिन्ही विषाणूंचा पत्ता लागतो. पूर्वी तीन वेगळ्या चाचण्या लावायला लागायच्या, रिपोर्टला दोन दिवस जायचे. आता सकाळी रक्त आलं की संध्याकाळी उत्तर. अडीच वर्षं गेली यात. आमचे प्रमुख डॉ. सुमंत सगळ्यांसमोर म्हणाले, "दीपश्री, हे तुमचं अपत्य." लग्न न केलेल्या बाईला असं म्हणू नये हे त्यांना कळत नाही. पण खोटं कशाला लिहू, मला आवडलं.

नवनगरच्या या लॅबमध्ये माणसं पाच, पण रोजचं काम मी आणि पद्मा करतो. पद्मा तंत्रज्ञ आहे, डिप्लोमा झालेली. जुन्या हुबळीहून चिगरी नावाच्या शहरबसने येते. हात फार स्वच्छ. दोन मायक्रोलिटर म्हटलं तर दोनच. बोलते मात्र जरा जास्त.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलंय, कौतुक करायची सवय नाही. विचारलं, "चुकते का कधी?"

"रोज कंट्रोल लावतो अप्पा. माहीत असलेला विषाणू घालून बघतो. रोज बरोबर येतं."

"माहीत असलेला झाला. नसलेला?"

मी पोळ्या करायला गेले.

२६ जून

तापाचे रुग्ण एकदम वाढलेत. आज अठ्ठावन्न नमुने. मळमड्डीत आमच्याच गल्लीत तीन घरांत ताप.

पद्मा जेवणाच्या सुट्टीत तिची वही घेऊन आली. नऊ नमुन्यांचे नंबर लिहिले होते. "मॅडम, हे नऊ बघा की. कार्ड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह. मागच्या वर्षी जुन्या किटवर आख्ख्या महिन्यात एखादा यायचा."

कार्ड म्हणजे ती पट्टीची चाचणी. रक्ताचे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटांत रेघ उमटली तर डेंगू. स्वस्त, कुणालाही करता येते, आणि म्हणूनच चुकते. पीसीआर म्हणजे माझी नळीतली चाचणी. मी तिला समजावलं की कार्ड आणि पीसीआर यांचं भांडण झालं तर पीसीआरचं ऐकायचं. नियम आहे तसा.

"पण नऊ मॅडम."

"कार्डाचा हा लॉट खराब असेल. लिहून ठेव, कंपनीला कळवू."

लिहून ठेवलं तिने. आधीच ठेवलेलं होतं.

२ जुलै

नमुने ८१. पाठ गेली. कंट्रोल झकास.

९ जुलै

आज पद्मावर चिडले. चिडायला नको होतं, पण तिनेही वेळ बघावी. डॉ. सुमंत आरोग्य खात्याच्या लोकांना लॅब दाखवत होते आणि ही मध्येच मला बाजूला घेऊन सांगते, "मॅडम, मला काय वाटतं, प्रायमर चालतायत, प्रोब चिकटत नाही. संपलेल्या नळ्या उघडून जेलवर चालवून बघूया. पट्टा दिसला तर समजायचं."

तिचं म्हणणं असं. प्रायमर विषाणूच्या तुकड्याच्या प्रती काढतात. प्रोब हा त्या प्रतीला चिकटणारा दुसरा तुकडा, तो चिकटला तरच मशीनला चमक दिसते. प्रती निघत असतील आणि प्रोबच चिकटत नसेल, तर विषाणू असूनही मशीन 'नाही' म्हणणार. जेलच्या वडीतून वीज सोडून त्याच प्रती सरकवल्या तर मात्र त्यांचा पट्टा दिसेल.

बीएस्सीच्या पोरांना शिकवतात ते मला शिकवत होती. प्रोब मी बनवलाय. चारशे जनुकक्रम एकाखाली एक लावून, प्रत्येक अक्षर बघून. शिवाय संपलेली नळी लॅबमध्ये उघडायची म्हणजे कोट्यवधी प्रती हवेत. उद्यापासून पाण्यातसुद्धा डेंगू सापडेल. हे तिला सांगितलं.

"इथं नको मॅडम. कॉलेजच्या लॅबमध्ये करू, रविवारी. मी येते की."

"पद्मा, तू नमुने लाव."

संध्याकाळी अप्पांना सहज सांगितलं. ते म्हणाले, "मग करून बघायला काय हरकत आहे?" सगळ्यांनाच वाटतं आपल्याला कळतं.

१५ जुलै

पद्माची थोरली बहीण राणी तीन दिवस तापाने पडून आहे. दुर्गदबैलच्या बाजारात कापडाच्या दुकानात विक्रीला असते. पद्माने स्वतः रक्त काढून आणलं. कार्डावर फिकट रेघ. पीसीआरला काही नाही.

रिपोर्ट सहीला आला तेव्हा पद्माने स्क्रीनकडे बोट केलं. "ही रेषा बघा मॅडम. शेवटी जराशी उचललीय. वहीतल्या बाकीच्या तेवीस जणांची अशीच."

"उचललीय, पण मर्यादेच्या वर गेलेली नाही."

"मग 'आढळला नाही' नको. 'संशयास्पद' लिहूया. नाहीतर दोन दिवस थांबवूया की रिपोर्ट."

"तुझी बहीण म्हणून नियम बदलायचे?"

तिने स्क्रीनवरचं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "बाकीच्या तेवीस जणांचंही मी सांगितलंच होतं, मॅडम."

मी सही केली. डेंगू: आढळला नाही. चिकुनगुन्या: आढळला नाही. झिका: आढळला नाही. घरचं माणूस आलं की माणसाचा तोल जातो, मला समजतं ते. पण लॅबमध्ये भावना आणायच्या नसतात हे तिला कधीतरी स्पष्ट सांगणं भागच होतं. सांगितलं.

१७ जुलै

नमुने ९४. पद्माने विचारलं नसताना सांगितलं की बहिणीचा ताप उतरलाय. बघ, म्हटलं.

२१ जुलै

काल राणी गेली.

लोकेशने सांगितलं, आमच्या नोंदणीच्या टेबलावर बसतो तो. सांधे फार दुखत होते म्हणून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने रिपोर्ट बघितला, डेंगू नाही म्हटल्यावर दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस. डेंगू असता तर ते इंजेक्शन कुणीच दिलं नसतं, रक्तस्राव वाढतो त्याने. ताप उतरला तसं घरच्यांना वाटलं बरी झाली. शनिवारी सकाळी पोटात दुखायला लागलं, रक्ताची उलटी झाली, हातपाय गार पडले. मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. वय एकतीस. चौथीतली मुलगी आहे.

मी पद्माला मेसेज पाठवला. जायला हवं होतं. पण आज रविवार, साठ नमुने आणि माणूस एकच.

ताप काय एका डेंगूचाच असतो का? उंदीरताप असतो, मेंदूज्वर असतो. न बघता काही बोलता येत नाही.

२८ जुलै

आज मला एक कल्पना सुचली. कार्ड आणि पीसीआर जुळत नाहीत असे नमुने जरा जास्तच दिसताहेत हे बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं. प्रोब चिकटत नसेल तरीही प्रती निघत असणार. मग जेलवर पट्टा दिसायला हवा. रविवार असल्याने कॉलेजच्या लॅबमध्ये जागा मिळाली. पद्माची वही टेबलावरच होती, तिच्यातून अकरा नंबर घेतले आणि त्यांच्या नळ्या घेऊन गेले.

अकराच्या अकरा नळ्यांत पट्टा. सरळ, ठळक, अगदी हव्या त्या जागी.

बराच वेळ जेलखालच्या निळ्या उजेडासमोर उभी होते. माझा प्रोब आंधळा आहे. कंट्रोलमधला विषाणू जुना, तो त्याला दिसतो. इथे हुबळी-धारवाडात जो फिरतोय तो त्याला दिसत नाही.

राणीची नळी घेतली नव्हती. अकरा पुरेशा होत्या.

२९ जुलै

डॉ. सुमंतांना सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी दार लावून घेतलं, शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हे फार मोठं काम आहे, दीपश्री. किती लॅबना हे कळलं असेल?"

"रिपोर्टचं काय, सर? गेलेले?"

"आधी शास्त्र पूर्ण करू. जनुकक्रम बेंगळुरूला पाठवा. नवा प्रोब बनवा. तोपर्यंत जुनं किट वापरू. गेलेल्या रिपोर्टबद्दल घाईने बोललो तर घबराट होईल."

खरंय ते. सरांचा हा गुण मला नेहमी आवडतो, ते पुढचं बघतात.

पद्मा आज कामावर आली. नव्वद नमुने लावले. मी तिला जेलचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं मॅडम, केलंत ते." इतकंच. आनंद होईल असं वाटलं होतं मला.

१४ ऑगस्ट

बेंगळुरूहून जनुकक्रम आले. डेंगूच्या चार प्रकारांतला दुसरा, आणि माझ्या प्रोबखाली दोन अक्षरं बदललेली. फक्त दोन. चारशे क्रम बघितले होते मी, पण त्यात इथला एकही नव्हता. इथून कुणी कधी पाठवलेलाच नव्हता.

नवा प्रोब जरा सरकवून बनवला, जिथे विषाणू सहसा बदलत नाही तिथे. शिवाय दुसऱ्या जागी आणखी एक, म्हणजे एक आंधळा झाला तरी दुसरा बघेल. पद्मा फ्रीजरमधले जुने नमुने काढून लावतेय. दिवसातून दोन फेऱ्या. एक शब्द बोलत नाही.

२३ ऑगस्ट

कार्ड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह असे एकशे बारा नमुने जमले होते. नव्या चाचणीत त्यातले चौसष्ट डेंगू निघाले. फार सुंदर आलेख आलेत. असे आलेख मी गेल्या कित्येक वर्षांत बघितले नाहीत.

पद्माने आज विचारलं, "मॅडम, राणीअक्काचा नमुना मी लावलेला नाही. तुम्ही लावता का?"

"का गं?"

"तुमची सही लागेल म्हणून."

मग तिने सांगितलं. तिची आई तानूबाई. ताप आला तेव्हा डेंगूच असेल म्हणून तिने राणीला पपईच्या पानांचा रस पाजला होता, दोन वेळा. मग रिपोर्ट आला, डेंगू नाही. आणि मग ती रक्त ओकली. आता ती म्हातारी म्हणते, डेंगू नव्हताच, माझ्या रसानेच पोट फाटलं पोरीचं. चूल पेटवत नाही. नातीला हाताने काही खाऊ घालत नाही. पद्माने सांगून बघितलं, तर म्हणते, तू माझ्या समाधानासाठी बोलतेस, कागदात तर 'नाही' असं लिहिलंय.

"दुरुस्त रिपोर्ट द्या मॅडम. कागद दाखवीन आईला."

सरांना विचारते म्हटलं.

२६ ऑगस्ट

सर नाही म्हणाले. एक रिपोर्ट बदलला की चौसष्ट बदलावे लागतील, ते चौसष्ट का बदलले हे लिहावं लागेल, आणि लॅबची मान्यता जाईल. "त्या कुटुंबाबद्दल मला वाईट वाटतं. पण भावनेवर लॅब चालत नाही."

पद्माला सरांच्याच शब्दांत सांगितलं. तिने मान हलवली. वाक्य तिला ओळखीचं वाटलं की काय कोण जाणे, माझ्याकडे क्षणभर बघत राहिली.

१७ सप्टेंबर

नवी चाचणी सुरू. कार्डाशी भांडणारे नमुने आता क्वचितच. शोधनिबंधाचा मसुदा पूर्ण केला, तेवीस पानं. शेवटी आभारात 'तांत्रिक साहाय्य: पद्मा' असं आठवणीने घातलं. इतर कुणी घातलं नसतं.

२१ ऑक्टोबर

निबंध पाठवायला तयार झाला. पहिलं नाव डॉ. सुमंत. दुसरं नाव वेदश्री, सरांची विद्यार्थिनी, जिने दोन आलेखांचे रंग बदलले. तिसरं मी.

सरांकडे गेले. ते म्हणाले, "कल्पना चर्चेतून आली ना? मग ती सगळ्यांची."

चर्चेतून! दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या डोक्यातली गोष्ट उचलायची आणि तिला चर्चा म्हणायचं. माणसं हे करून रोज जेवतात, हसतात, हे मला समजतच नाही. ज्याने आधी बघितलं त्याला काय वाटत असेल याचा एकदासुद्धा विचार येत नाही?

नावांच्या क्रमाला मान्यतेचा फॉर्म दिलाय. सही करायची. अजून केलेली नाही.

२४ ऑक्टोबर

पद्माच एक साक्षीदार आहे. आज तिला म्हटलं, काय कधी झालं ते लिहून दे, तारखांसकट. कल्पना कुणाची, काम कुणाचं, सगळं. वरच्या समितीकडे नेते.

"सगळं लिहू का मॅडम?"

"सगळं. खरं काय ते."

"बरं. वही आहे माझ्याकडे."

तिने असंही सांगितलं की पुढच्या महिन्यापासून तिला बेळगावात काम मिळालंय. आई आणि भाचीला घेऊन जाणार आहे.

२५ ऑक्टोबर

पद्माने दिलेला कागद जसाच्या तसा उतरवून ठेवते.

"२६ जून. कार्ड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह असे नऊ नमुने मी मॅडमना दाखवले. ९ जुलै. प्रोब चिकटत नाही, जेल करून बघूया असं मी म्हणाले. मॅडम नको म्हणाल्या. १५ जुलै. माझी बहीण राणी हिचा नमुना. रिपोर्ट थांबवा म्हणाले. मॅडमनी सही केली. २० जुलै. राणी गेली. २८ जुलै. मॅडमनी जेल केलं. नवा प्रोब मॅडमनी बनवला, तो चांगला चालतो. त्यात सुमंत सरांचा हात नाही. माझी कुणावर तक्रार नाही. राणीचा रिपोर्ट दुरुस्त करून मिळावा, आईला दाखवायचा आहे. पद्मा."

तीनदा वाचला. मला हवं ते वाक्य त्यात आहे, 'त्यात सुमंत सरांचा हात नाही.' पण तेवढंच वाक्य कापून देता येत नाही.

अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. "यात खोटं काय आहे?"

"काही नाही."

"मग दे की समितीला."

"अप्पा, तुम्हाला कळत नाही."

"नसेल," म्हणाले, आणि कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

४ नोव्हेंबर

फॉर्मवर सही केली. तिसरं तर तिसरं.

९ नोव्हेंबर

आज पद्माचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी मिळून तिला साडी दिली. सर दोन शब्द बोलले, 'निष्ठा' वगैरे.

सगळे गेल्यावर मी फ्रीजर उघडला. राणीचा नमुना स्वतःच्या हाताने लावला. बऱ्याच दिवसांनी पिपेट धरला, अंगठा दुखला. दीड तास मशीनसमोर बसून होते. बाविसाव्याच चक्राला, म्हणजे फार लवकर, रेषा उठली आणि सरळ वर गेली. त्या दिवशी रक्तात इतका विषाणू होता की आंधळ्यालाही दिसावा.

लॅबच्या कागदावर टाइप केलं. राणी, वय एकतीस, डेंगू: आढळला, प्रकार दोन. खाली सही, शिक्का. संगणकात चढवला नाही. तिथे जुनाच राहील. आईला दाखवायला कागद हवा होता, कागद झाला.

१० नोव्हेंबर

सकाळी जुन्या हुबळीला गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली राणीची. सामान बांधून ठेवलं होतं. पद्माने कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"यावर नोंदणीचा नंबर नाही मॅडम."

"हो."

ती कागद घेऊन आईशेजारी बसली. तानूबाई बारीक, लुगड्यात हरवलेली बाई. वाचता येत नाही तिला. पद्मा एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेली. डेंगू होता आई. हे बघ, इथं लिहिलंय. ही मॅडमची सही.

म्हातारीने सहीवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "रसानं न्हाई?"

"नाही आजी. रसाने काही झालं नाही."

"खरं सांगता न्हवं?"

"खरं."

"म्हंजे मी न्हाई मारली तिला."

"नाही."

तिने डोळ्यांना पदर लावला. आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने कन्नडचा धडा वाचत होती. मला वाटलं, आता उठावं. काम झालं होतं. तेवढ्यात तिने पदर खाली घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

"मग कुणी?"

पद्मा माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर देता आलं असतं, एका शब्दात, बसल्या जागेवरून. पण ती माझी वाट बघत राहिली.

"डासाने," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. शास्त्राला धरूनच होतं.

तानूबाईंनी हळूहळू मान हलवली, "डासानं," असं स्वतःशी म्हटलं, आणि कागद कपाळाला लावून उशीखाली ठेवला. पद्मा उठली आणि माझा अर्धा उरलेला चहाचा कप उचलून आत घेऊन गेली.